पाण्याची चव

४ मार्च १९६३, दुबई

शहनाझ नापास! तिसरीतली पोर, आणि सायन्स, सोशल स्टडीज दोन्ही गेले.

सायन्सचा प्रश्न — पाण्याची चव कशी असते? पुस्तक म्हणतं, पाण्याला चव नसते. हिनं लिहिलं, खारट. मी रागावलो. “बट इट इज, अब्बा!” म्हणाली.

माठातलं घोटभर पिऊन पाहिलं. खारटच. आमच्या गल्लीत अजून नळ नाही, गाढवावरून डबे येतात. रुकय्या तर डाळीत मीठही घालत नाही, पाणीच पुरतं. मग पोरीचं चुकलं काय? तिला बरोबर म्हणावं, तर पुस्तकाचं काय करू?

५ मार्च

दुसरा पेपर पाहिला. ‘तुम्ही राहता ते ठिकाण नकाशात दाखवा.’ नकाशा हिंदुस्तानचा. हिनं डावीकडे वेगळा कागद चिकटवला, त्यावर समुद्र रंगवला, पलीकडे टिंब दिलं. लाल फुली! बाणकोटवर टिंब हवं होतं म्हणे. ते आमचं कोकणातलं गाव खरं. पण शहनाझनं ते पाहिलेलंही नाही.

८ मार्च, शुक्रवार

शहनाझच्या शाळेतल्या गनी मास्तरांकडे गेलो. माणूस भला. हसून म्हणाले, “साहेब, परीक्षेत पुस्तक चालतं, तुमचा माठ नाही!” मग गंभीर झाले. “पुढे तिला देशातच शिकायचंय ना? तिथं कोण ऐकून घेणार?”

खरंच आहे. चौदा वर्षं मुंबईत वर्तमानपत्रात काढली. रात्री अंक सुटायच्या आत कुठलं वाक्य ठेवायचं, कुठलं काढायचं, हे चुटकीसरशी कळायचं. इथं पोरीची दोन उत्तरं समोर आहेत, आणि काही सुचत नाही.

९ मार्च

काहीच ठरत नाही.

१५ मार्च

रुकय्याचा भाऊ हारुन बोटीवर सारंग, खलाशांचा मुकादम, आहे. बोट लागली, तसा घरी आला. सगळं ऐकून म्हणाला, “दुल्हेभाई, पोरगीला गाव दाखवा, गाव! बाणकोटच्या शाळेत घाला. आमच्या घरी राहील. यल्ला, पुढच्या फेरीला चला माझ्याबरोबर. खलास!”

शहनाझ म्हणाली, “आय डोन्ट वॉन्ट टु.”

 भावाला वाढताना रुकय्याकडून भात सांडला.

१८ मार्च

रुकय्या आज बोलली. “पाण्याला चव नाही, एवढं शिकवायला माझी लेक समुद्रापार टाकून येणार?”

 तरी हो म्हणालो हारुनला. माणसाला स्वतःचं गाव माहीत असावं, एवढंच मनात. हे पुरेसं कारण आहे का?

३ एप्रिल, बोटीवर

रुकय्या धक्क्यावर आली नाही. शहनाझ नकाशावर बोट फिरवत विचारते, “अब्बा, आता आपण कुठे आहोत?” नकाशात इथं नुसता निळा रंग. काय सांगू?

१३ एप्रिल, बाणकोट

शाळेत नाव सोमवारी घालायचं ठरलं. हेडमास्तरांनी विचारलं, “मुलगी कुठली?” मी आणि हारुन एकदम बोललो. उत्तरं वेगवेगळी.

१४ एप्रिल

हारुनच्या घरामागच्या सामाईक विहिरीचं पाणी शहनाझ प्यायली. तोंड वाकडं केलं. “नो टेस्ट, अब्बा!”

पुस्तकातलं उत्तर! हारुन खूश.

मग मीही प्यायलो. याच विहिरीवर लहानाचा मोठा झालो. काहीतरी कमी लागलं. पुन्हा प्यायलो. शेवटी मिठाचा खडा मागितला.

परतीची तिकिटं दोन. एक माझं, एक शहनाझचं.