सोडतीची पत्रं आज घेऊ नका

आई,

कपाटात पासबुक शोधू नका, ते मी बरोबर नेलंय. छोट्या खिमला लस टोचायला आरोग्य केंद्रात जातेय, दुपारपर्यंत येईन.

काल तुम्ही म्हणालात, "व्याजानं कुणाचं नशीब उघडलंय का? बँकेच्या सोडतीच्या बचतपत्रांवर निदान दर महिन्याला बक्षिसाची आशा तरी असते. शेजारच्या समोनला दोनदा लागलंच की!" लागलं, पण दोन्ही वेळा शेवटचे आकडे जुळल्याचं छोटं बक्षीस, नूडल्सच्या दोन वाडग्यांपुरतं. तरी मी त्याला जुगार म्हणत नाही. मुद्दल बुडत नाही, हे मलाही कळतं. पैसे शिलकीतले असते तर तुमच्याबरोबर मीच रांगेत उभी राहिले असते. पण ती पत्रं तीन वर्षांची असतात आणि लवकर मोडली तर घातले त्याहून कमी हातात येतात. साध्या खात्यात व्याज चिमूटभर, पण पैसे मागाल त्या दिवशी मिळतात.

आणि आपल्याला ते लागणार आहेत. तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही. विथूनचा तैवानमधला कारखाना बंद पडलाय. त्यानं पाठवलेले दोन लाख बाट हा बोनस नाही, कामावरून काढताना दिलेली शेवटची रक्कम आहे. "आईला कळू देऊ नकोस," म्हणाला होता, आणि मी कबूल केलं होतं.

शुक्रवारी तुमचा मुलगा घरी येतोय. माझ्यावर हवं तेवढं रागवा, पण दारात त्याला पैशांचं विचारू नका. जेवलास का, एवढंच विचारा.

रुंग