रंभेला न्यायला येण्याआधी

श्री. हैबतराव व्याही यांस, मुक्काम अष्टमी, तालुका रोहा.

पेणहून तुमचा व्याही कमळाकर दोन्ही हात जोडून नमस्कार करतो. विहीणबाईंच्या गुडघ्याला उतार पडला असावा. तुमचा वाल यंदा चांगला धरलाय असं कळलं, बरं वाटलं. (आमच्या वाट्याची पिशवी कुणाबरोबर पाठवलीत ते कळवा, म्हणजे त्याच्या घरी जाऊन चौकशी करता येईल.) इकडे सगळं ठीक. प्रविणची कंपनीतली शिफ्ट बदलली, काशी बरी आहे, आणि तुमची मृणाली वेळेवर जेवते, कामावर जाते आणि पंधरा दिवस झाले माझ्याशी कामापुरतं बोलते. फोन करायचा सोडून पत्र का लिहितोय असं तुम्ही विचाराल. माझा फोन शनिवारपासून तांदळाच्या डब्यात पुरलेला आहे आणि बाकीचे सगळे फोन आमच्या घरात मोठ्या आवाजावर चालतात. हे लिहिणं सगळ्यांनी ऐकण्याजोगं नाही.

तर रविवारचा विषय. माघी गणपतीला आमच्याकडे पंधरा पानं बसलेली असताना मी तुम्हाला बोललो होतो की लेकीबरोबर आठ दिवसांसाठी आलेली तुमची कुत्री दोन वर्षं माझ्या ओटीवर मुक्कामाला आहे, आता तिला घेऊन जा. तुम्ही हातातला मोदक ताटात ठेवलात आणि पिकअप घेऊन येतो म्हणालात. तो येता रविवार. मी जे बोललो ते उगाच नव्हतं. रंभेनं माझी वाळत घातलेली सुकट तीनदा खाल्ली, चपला नेल्या त्या फक्त डाव्या पायाच्या, आणि दुपारी मी जरा आडवा झालो की येऊन माझ्या पोटरीवर मान टाकते, त्यानं पायाला मुंग्या येतात. (पाय काढून घेतला तर ती जागी होते, म्हणून काढत नाही.) मी चाळीस वर्षं मिठागरात काढली. आमच्याकडे दिलेला शब्द मागे घेत नाहीत, आणि हा तर पंधरा पानांसमोर दिलेला.

आता तुम्ही नेणारच, तर त्याआधी रंभेला एकदा समुद्र दाखवायचा असं मृणालीनं ठरवलं. आमच्या दारात खाडी आहे, तिच्यात रंभा रोज लोळून येते, पण खाडी म्हणजे समुद्र नव्हे असं मला सांगण्यात आलं. प्रविणनं तंबू मागवला. तो दोन मिनिटांत आपोआप उभा राहतो असं पिशवीवर लिहिलेलं होतं आणि ते खोटं नव्हतं, तो आमच्या माजघरात उभा राहिला आणि मग पुन्हा पिशवीत जायला तयार होईना. शेवटी तसाच अर्धा मुडपून गाडीत कोंबला. पुढे प्रविण आणि मृणाली, मागे काशी, मी, तंबू आणि सगळ्यांच्या मांडीवर मिळून रंभा. वडखळ येईपर्यंत तिचं शेपूट माझ्या तोंडावर होतं, याची तुम्ही नोंद घ्यावी.

जागा निवडायला तीन अटी होत्या. कुत्रं चाललं पाहिजे, तंबू आपला चालला पाहिजे आणि संडास पाहिजे. (तिसरी अट काशीची. तिनं ती निघताना, वाटेत आणि पोचल्यावर अशी तीनदा सांगितली.) प्रविणनं फोनवर तारे बघून जागांची यादी केली होती. पहिल्या ठिकाणी कुत्रं चालत होतं, पण तंबू त्यांचेच घ्यायचे, आणि ते असे एकमेकांना चिकटून की शेजारच्यानं कूस बदलली तर आपल्याला बदलावी लागेल. दुसऱ्या ठिकाणी आपला तंबू चालत होता. पण आम्ही उतरलो तशी किनाऱ्यावरची सात कुत्री येऊन ओळीनं बसली, जशी पंचायतीची सभा भरावी, आणि एक शब्द न बोलता रंभेकडे बघत राहिली. रंभा आपण होऊन गाडीत चढली. तिसऱ्या ठिकाणी कुत्रं, तंबू, संडास सगळं होतं, फक्त आम्ही दोघं चालत नव्हतो. तिथे तरुण जोडप्यांनाच घेतात. काशीनं त्या मुलाला विचारलं, आम्ही जोडपं न्हाय त कोन हाव? चौथा किनारा मी निवडला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथे आता माझं नाव झालेलं आहे.

इथे भरतीचं गणित सांगायला हवं. तुम्ही भातवाले आणि वालवाले, तुम्हाला पाणी वरून येतं, ते कधी येईल हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे तुमच्यावर दोष येत नाही. आमचं पाणी समोरून येतं आणि वेळेवर येतं. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, की भरती किती वाजता ते कळतं. शनिवारी वद्य द्वितीया होती. दोन त्रिक सहा, भागिले चार, दीड. त्यात मी एक तास मिळवला, अडीच. चाळीस वर्षं मी मिठागराची उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं दार, याच हिशेबानं वर केली आणि एकदाही चुकलो नाही. तेव्हा किनाऱ्यावर उभं राहून, चार माणसं ऐकतील अशा बेतानं, मी जाहीर केलं की भरती अडीचला भरेल, तोवर तंबू खालच्या घट्ट वाळूतच ठोकायचा, आणि निवांत जेवून दोनला वर न्यायचा.

मृणालीनं वर सुरूच्या झाडांकडे बोट दाखवलं. तंबू आधीच तिथे लावू, निदान रंभेला तरी तिथे बांधू, असं तिचं म्हणणं होतं. मी म्हटलं, तिथे मुंग्या असतील. मुंग्या मी बघितल्या नव्हत्या. मला माझं गणित चारचौघांत खरं झालेलं बघायचं होतं, हे तुमच्यापासून काय लपवायचं. जेवण तिथल्याच नमिता म्हणून एका बाईंच्या घरी सांगितलेलं होतं आणि पंगतीत कुत्रं नको अशी त्यांची अट. म्हणून मी स्वतः रंभेला तंबूच्या कडीला बांधलं. गाठ मिठागरातली. ती ओढली की आवळते.

आम्ही जेवायला बसलो. बांगडा ताजा होता, भाकरी पातळ होती, मी सोलकढीची दुसरी वाटी मागितली, तेवढ्यात प्रविण कुंपणापलीकडे बघत म्हणाला की बाबा, आपला तंबू चाललाय. घड्याळात सव्वा वाजला होता. हैबतराव, तो मिळवलेला तास खाडीचा होता. समुद्राचं पाणी वळणं घेत आमच्या मिठागरापर्यंत चढायला तास लागतो, म्हणून आमच्या बापजाद्यांनी तो मिळवला. समुद्राला स्वतःपर्यंत पोचायला कसला तास लागणार? चाळीस वर्षांत मी त्या तासाचं कारणच कधी विचारलं नव्हतं.

मी उष्ट्या हातानं धावलो. भगव्या रंगाचा तो तंबू पाण्यावर डुलत आत चालला होता, मागे दोरी पाण्यात बुडालेली, आणि रंभा कुठेच दिसत नव्हती. त्यापुढचं मला सलग आठवत नाही. छातीएवढ्या पाण्यात उभा राहून मी रंभा, रंभा अशा हाका मारत होतो आणि पाण्याखाली हात घालून चाचपत होतो. मी घाबरलो होतो. उधाणाला बांध फुटला तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो, आणि ही गाठ मी माझ्या हातानं मारली, ती आवळणारी आहे, हेच डोक्यात फिरत होतं. किनाऱ्यावर तीसेक माणसं जमली. जीवरक्षक मुलगा टायर घेऊन पाण्यात आला आणि आजी शेवटच्या कुठे दिसल्या म्हणून विचारू लागला. मी म्हटलं, काळी आहे, पाय पांढरे. तो टायर घेऊन मागे वळला आणि काठावर काशी उभी होती तिच्याकडे गेला. रंभाबाई कोण म्हणून त्यानं तिला विचारलं.

काशी म्हणाली, "आमच्या घरातली हाय."

हैबतराव, मी ते पाण्यातून ऐकलं.

एवढ्यात लोक हसायला लागले म्हणून मी वळून बघितलं. रंभा काशीच्या पायाशी बसली होती. अंग कोरडं, तोंडात बांगड्याचं डोकं. आम्ही पंगतीला बसलो तेव्हापासून बाईसाहेब नमिताबाईंच्या मागच्या पडवीत मासळी धुतात तिथे लोळत होत्या, आणि आपल्या नावाचा एवढा गजर ऐकून कोण बोलावतंय ते बघायला आल्या होत्या. जीवरक्षकानं तंबूची दोरी कापून आणली तेव्हा टोकाला पट्टा मिळाला, बक्कल लावलेलाच, आत मान नाही. मी बाहेर येऊन रंभेला दोन शिव्या दिल्या. मृणाली माझ्या अंगावर टॉवेल टाकताना म्हणाली, बाबा, तुम्हाला ती नको होती ना? मी सांगितलं की मी तंबूसाठी गेलो होतो. ते चाललं असतं, पण कुणीतरी चित्रण केलेलं होतं. त्यात तंबू आपण होऊन माझ्या हाताशी येतो आणि मी त्याला पलीकडे ढकलतो असं स्वच्छ दिसतं, कारण तो मधे येत होता. डोळ्यांचं म्हणाल तर ते खाऱ्या पाण्यानं लाल झाले होते. पुढे तंबू कुठे लागला ते माहीत नाही. नमिताबाईंनी आम्हाला रंभेसकट पडवी दिली, तिथेच रात्री झोपलो. तिथे मुंग्या नव्हत्या.

तर असा हा वृत्तांत. एका कुत्रीपायी तंबू गेला, फोन गेला आणि या वयात अब्रूही गेली, हे तुम्हाला पटलं असेल. मी माझ्या शब्दावर ठाम आहे. रविवारी अकरापर्यंत पिकअप घेऊन या, जेवायलाच या. विहीणबाईंना नमस्कार, त्यांच्या गुडघ्याला एरंडाचं पान बांधा म्हणावं.

आपला,
कमळाकर

ता. क. पिकअप आणा, पण नेताना रिकामी न्या. मी शब्द फिरवू शकत नाही, तुमची अडचण झाली तर मात्र माझा इलाज नाही. तेव्हा तुम्ही ओटीवर चढता चढताच सगळ्यांसमोर सांगा की घरी कोंबड्या पाळल्यात, आता कुत्री ठेवता येणार नाही. कोंबड्या नसतील तर रविवारच्या आत पाळा. मी तुमच्यावर चिडेन, व्याही असे वागतात का वगैरे बोलेन. ते दहा मिनिटं खाली मान घालून ऐका, काशी चहा घेऊन आली की मी थांबेन.

आणखी ता. क. हे विहीणबाईंना वाचून दाखवू नका. त्या मृणालीला फोन करतील.

शेवटचं. पट्ट्यातून मान कशी सुटली याचं घरात सगळ्यांना कोडं आहे. रंभा हुशार आहे असं त्यांनी ठरवलंय, तर ठरवू दे. वडखळला गाडी थांबली होती तेव्हा तिची मान एका बाजूला पट्ट्यानं सोललेली मला दिसली, म्हणून मी तो दोन भोकं सैल केला होता. पाण्यात मला ते आठवलं नाही. घरी कुणाला सांगितलेलं नाही. येताना रोह्याच्या बाजारातून मऊ पट्टा आणा आणि तुमचा म्हणून मृणालीकडे द्या. मानेचं माप सुतळीनं घेऊन पाकिटात घातलंय. त्याहून दोन बोटं सैल घ्या.