कुरुळीच्या माळावरचा डाव

चिंचवड,
मंगळवार, १४ फेब्रुवारी १९५६

प्रिय सोजरा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर का झाला, तर शिफ्टचं कारण सांगणार होतो. पण ते खरं नाही. हे पत्र तू एकटीच वाच. आईला वाचून दाखवू नकोस.

दिवाळीपासून मी रविवारी कुठं जातो ते तुला कधी कळवलं नाही. चाकणच्या वाटेवर कुरुळी गाव आहे. तिथल्या माळावर कारवानी कुत्र्यांची शर्यत लागते. ही सशामागे धावणारी कुत्री, लांब तोंडाची, पोट पाठीला लागलेली. सायकल उलटी ठेवून मागच्या चाकाला दोरी बांधतात, दोरीच्या टोकाला सशाचं कातडं. पायडल फिरवलं की कातडं माळावरून पळत सुटतं आणि त्याच्यामागे पाच-सहा कुत्री. तीसपर्यंत आकडे म्हणून होईतो सगळं संपतं. डाव दौलतराव नावाचा माणूस घेतो. जमलेल्या पैशांतून रुपयामागे दोन आणे तो काढून घेतो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतो.

पहिले चार रविवार मी नुसता बघत होतो. लोक कुत्र्याचा रंग बघून पैसे लावतात. मी पाय बघून लावायचं ठरवलं. महिनाभर जिंकलो. मग लोक माझ्याकडे बघून लावायला लागले, आणि माझ्या कुत्र्यावर सगळ्यांचेच पैसे म्हटल्यावर वाट्याला काय येणार? दोन आणे तर दर खेपेला जातातच. मी जेवतो त्या खानावळीच्या कौशल्याबाई एकदा म्हणाल्या, "भिमाजी, तिथनं श्रीमंत होऊन आलेला एक तरी माणूस दाखवा. दौलतराव सोडून." त्याच आठवड्यात मी कागदावर हिशेब मांडला होता. त्या म्हणतात तेच निघालं. तरी रविवारी गेलो.

गेल्या महिन्यात एक गोष्ट घडली, ती कुणाला सांगितलेली नाही. कुरुळीच्या बाळाजी म्हाताऱ्याचा हरण्या नावाचा कुत्रा कधी हरलेला नव्हता. शर्यतीआधी बाळाजी त्याला पाणी पाजत होता. हरण्या पुढच्या उजव्या पायावर भार टाकत नव्हता, हे मी बघितलं. बाळाजीला दिसतं कमी. त्यानं मलाच विचारलं, "तुमी पारखी हाय, भाऊ. कसा दिसतुय माझा हरण्या?" मी म्हटलं, "चांगला दिसतोय." ते ऐकून सगळ्यांनी हरण्यावर लावले. त्यांचे लावून झाल्यावर मी खिशातले सगळे दुसऱ्या कुत्र्यावर लावले.

निम्म्या माळावर हरण्याचा पाय मोडला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. बाळाजीनं त्याला कोकरासारखं खांद्यावर घेतलं आणि माझ्यासमोरून जाताना म्हणाला, "तुमी तरी काय करणार, भाऊ." मला त्या दिवशी एकशे साठ रुपये मिळाले. या खेळात पैसा सुटतो का, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, सुटतो. असा सुटतो.

त्यानंतर मी तिकडं फिरकायला नको होतं. पुढच्याच रविवारी गेलो. बाळाजी नव्हता. दोन रविवारांत ते पैसे गेले.

त्यांच्यामागून आपल्या खोलीच्या अनामतीचेही गेले. तू लिहितेस, बोचकी बांधून ठेवलीत, कधी येऊ? सोजरा, खोली नाही. मालकानं ती दुसऱ्याला दिली. तरी तू ये. सात मार्चला पगार आहे. तुझ्या भावाला, ज्योतीरामला, घेऊन दुपारी कारखान्याच्या फाटकाशी उभी राहा आणि पगार माझ्या हातून घे. मी रागावेन, परत जा म्हणेन, आता पक्का कुत्रा सापडलाय असंही सांगेन. ऐकू नकोस. खोली मिळेपर्यंत कौशल्याबाई खानावळीच्या मागच्या बाजूला जागा देणार आहेत. त्यांना मी सगळं नाही, पण पुरेसं सांगितलं आहे. आईच्या नावानं तीनदा शपथ घेतली आणि तीनदा मोडली, म्हणून आता तुला शब्द देत नाही. आज मंगळवार आहे, म्हणून एवढं लिहवलं. शनिवारपर्यंत हे पत्र माझ्याजवळ राहिलं तर मी ते फाडून टाकीन. आत्ताच पेटीत टाकायला निघतो.

तुझाच,
भिमाजी