छत्री हरवलेल्या गृहस्थांचं नाव

रत्नागिरी, ता. ११ एप्रिल १९३३

तीर्थस्वरूप सौ. गोदूवन्संना सगुणेचा वाकून नमस्कार. सासूबाईंची कंबर सोडून इकडे सगळं खुशाल. तुमच्या गुडघ्याला निर्गुडीच्या शेकाने उतार पडला का, ते कळवावं.

वन्सं, मी पास झाले! मुलींच्या शाळेत इंग्रजी पहिलीला शिकवायला मला घेणार आहेत. हे सगळं तुमच्यामुळे. पालीहून फणसाच्या टोपलीत लपवून व्याकरणाचं पुस्तक तुम्ही आणलंत आणि तीन दिवस बसून सासूबाईंना तुम्हीच वळवलंत. (फणस कापा निघाला, त्याचाही उपयोग झाला.) तरी त्यांनी बजावलंच होतं, "एकदाच बसायचं हो! नापास झालीस तर ते पुस्तक बंबात!"

तोंडी परीक्षेला देशावरचे कोणी साहेब आले होते. समोर आम्ही पाच बायका. वाक्य मोठ्याने वाचायचं, त्यातली सर्वनामं ओळखायची आणि प्रकार सांगायचे. सर्वनामांची मला मुळीच भीती नव्हती. सहा वर्षं 'हे', 'ते' आणि 'इकडून' यांवरच तर माझा संसार चाललाय. पण माझी पाळी आली आणि साहेबांनी फळ्यावर लिहिलं, "——— लॉस्ट हिज अंब्रेला, सो ही टुक माईन." (मोकळी जागा मी सोडली आहे, साहेबांनी नव्हती.) तिथे चक्क तुमच्या भावाचं नाव! छत्री हरवायला जगात दुसरं कोणी मिळू नये?

मी पदर सारखा केला. पुन्हा केला. 'लॉस्ट'पासून वाचायला लागले, तर साहेब म्हणाले, पहिला शब्द राहिला. आमच्या शेजारच्या घरातली राही माझ्याबरोबरच परीक्षेला बसली होती, ती मागून कुजबुजली, "गो, घेऊन टाक! बंब आठव!" बंब आठवला, आणि नाव घ्यायची आपल्याकडे जी एकच रीत आहे ती तोंडातून निघून गेली:

आय, यू, ही, शी घोकले तास न् तास,
———रावांचं नाव घेते, साहेब, मला करा पास!

बायकांनी टाळ्या पिटल्या. मी रडायच्या बेतात. साहेबांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. पण माणूस भला, म्हणाले, "नाव झालं. आता सर्वनामं." मग मात्र मी अडले नाही. 'ही' पुरुषवाचक, 'माईन' मालकी सांगणारं. 'हिज'ने फसवायला पाहिलं, पण ते छत्रीला चिकटून बसलेलं, म्हणजे विशेषण! त्या साहेबांचे, राहीचे आणि सगळ्यांत आधी तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. काल सासूबाईंनी पुस्तकाला स्वतः पुठ्ठा घातला.

तुमची,
सगुणा

ता. क. सोबत नेमणुकीचा फॉर्म आहे. त्यात 'पतीचे नाव' ही ओळ कोरी आहे. इकडची स्वारी मुंबईत, आणि तुम्ही थोरल्या बहीण, तुम्हाला नाव घेता येतं. तेवढं भरून उलट टपाली धाडा. सोमवारी दिला नाही तर जागा दुसरीला जाईल. खरं तर त्यासाठीच हे पत्र.

आणखी एक. फॉर्म पाकिटात शोधू नका. खाली बारीक अक्षरांत छापलंय की सगळं उमेदवाराने स्वहस्ते भरावं. शेवटी दार लावून मीच लिहिलं. मग नीट उतरलं का बघायला एकदा मोठ्याने वाचलं, नुसतंच, उखाण्याशिवाय. वन्सं, लग्नाला सहा वर्षं झाली, पण तुमच्या भावाचं नाव इतकं गोड आहे हे मला आज कळलं. म्हणून परत एकदा वाचलं. सासूबाईंना सांगू नका.