सुमनच्या वडिलांनी आणलेले तांदूळ

शनिवार, मार्च १९९७
भोर, संध्याकाळ

आज खेड्यावरच्या माझ्या सातवीपर्यंतच्या शाळेत पालकसभा झाली. माझी पहिलीच. टेबलावर आंबेमोहोर तांदळाची पिशवी आहे आणि वास खोलीभर पसरलाय. उचलून आत ठेवायचा धीर होत नाही.

हेडमास्तर म्हणाले होते, गावातली माणसं तक्रारीला भितात, आधी चांगलं सांगा. म्हणून सातवीतल्या सुमनच्या वडिलांना मी चांगलंच सांगितलं. हुशार आहे, गणित चोख, मोठ्यांसारखं पत्र लिहिते, तिला आता कुणी शिकवायची गरजच नाही! कशाला बोलले मी ते शेवटचं?

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "लई उपकार झालं, बाई. आठवीला भोरला धाडावी का न्हाई, तेच इचाराया आल्तो. समदं येतंय म्हंता, मग यष्टीचा तरास कशाला? म्हातारीपाशी ऱ्हाईल घरी." आणि ही पिशवी पुढे केली.

मी म्हणाले, तसं नव्हे हो, पुढं शिकू द्या तिला. ते नुसते हसले. "न्हाई बाई, पुरं झालं. ही सहीबी तिनंच शिकवली मला." सभेच्या वहीत त्यांनी एकेक अक्षर जपून काढलं.

सुमन दारातच उभी होती. मघाशी कौतुक ऐकून लाजली होती. आता माझ्याकडे बघत राहिली, बाई अजून काहीतरी बोलतील म्हणून.

मी पिशवी घेतली.