मेळघाटातला दर्या

आई,

तुझी नजर गेल्यावर मी तुझ्यासाठी लिहिलेला, मराठी वाचून दाखवणारा प्रोग्राम अजून चालतो. अकोल्याच्या घरी पलंगावर बसून तू तो ऐकायचीस आणि म्हणायचीस, "ही वाचून राहिली का टेसनावर गाडी सांगून राहिली?" मी हसत एकेक शब्द दुरुस्त करायचे, पुन्हा लावायचे. पुढे ते सगळं काम मी इंटरनेटवर मोकळं ठेवलं, कुणालाही आपल्या प्रोग्राममध्ये जोडून घेता यावं म्हणून. अशा कामाला आमच्यात लायब्ररी म्हणतात. तुला पुस्तकांचीच आठवेल. अमरावतीच्या एका अंध मुलांच्या शाळेत तिच्यावर धडे ऐकवतात.

माझी लायब्ररीही दुसऱ्या कुणाच्या लायब्ररीवर उभी आहे. मजकूर साफ करून देणं एवढंच त्या दुसरीचं काम. मागच्या महिन्यात तिची नवी आवृत्ती आली, मी ती घेतली आणि पुढे पाठवून दिली. धड्यांमधल्या 'ऱ्या'त कॉम्प्युटरने एक न दिसणारी खूण ठेवलेली असते. नव्या आवृत्तीने ती कचरा समजून काढून टाकली, आणि 'ऱ्या'चा 'र्या' झाला. आठ दिवसांनी शाळेतल्या बाईंचा फोन आला. "मॅडम, आमच्या एका पोरीनं चाचणीत सांगतलं, मेळघाटात खोल दर्या हाय. वर्ग हासला, तरी अडून बसली. म्हणते, मशीननं सांगतलं, मशीन काहून खोटं बोलते?"

धड्यात दऱ्या होत्या. तिने समुद्र ऐकला.

चूक सापडायला दोन दिवस लागले. जुनी आवृत्ती परत बसवली, आणि पुन्हा असं झालं तर आधीच कळावं म्हणून तपासायच्या शब्दांची यादी करायला घेतली. पायऱ्या, सुऱ्या, भाकऱ्या. भाकऱ्या लिहिताना मी आपल्या स्वयंपाकघरात जाऊन बसते. दुपार आहे. तू ज्वारीचं पीठ मळते आहेस, मी पाटावर बसून धडा वाचते आहे, आणि एक अवघड शब्द मी नीट न बघताच पुढे ढकलते. परातीत तुझा हात थांबतो. "अंदाजानं वाचू नको. काहून घाई करून राहिली?" तेवढंच. मग पुन्हा भाकरी थापल्याचा आवाज.

मग मी अमरावतीला गेले. मूर्तिजापूर मागे पडल्यावर बसमध्ये डोळा लागला असावा, कारण सोयाबीन निघालेल्या काळ्या रानात पाणी चढत होतं, निळं, जराही आवाज न करता, आणि उत्तरेचे डोंगर त्यात बेटांसारखे उभे होते. बडनेऱ्याला कंडक्टरने हाक मारली तेव्हा मला जागं व्हावंसंच वाटेना.

मुलगी अकरा-बारा वर्षांची, दर्यापूरकडची. मी तिच्याजवळ बाकावर बसले, म्हटलं, "चूक तुझी नव्हती, माझ्या मशीनची होती. तिथं समुद्र नाही गं. दोन डोंगरांमधल्या खोल जागा आहेत."

ती म्हणाली, "आमच्या दर्यापुरात दर्या नाही. मले वाटलं, तो तिकडं असन." बाईंनी तिचा मार्क परत दिला. दुरुस्त केलेला धडा तिने मान खाली घालून ऐकला. "आता बरोबर हाय," ती म्हणाली. "पन पयलं जास्त मोठं होतं."

निघताना बाईंनी विचारलं, असं झालं कसं? मी म्हटलं, नव्या आवृत्तीमुळे. ते खोटं नाही. पण पुढे पाठवण्याआधी एक धडा जरी लावून ऐकला असता तर मला लगेच कळलं असतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. तुला सांगते, कारण हा कागद कुठेच जाणार नाही. तू गेल्यापासून तो आवाज मी एकदाही लावला नव्हता.