बावीस मिनिटांची तक्रार

शिरवणे,
रविवार

प्रिय रंजू,

फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर निळी टिक येते आणि पुढे काहीच नाही, म्हणून कागदावर लिहितेय. कळंबोली काही सातासमुद्रापार नाही, पण दहा महिने झाले, तू माहेरच्या उंबऱ्याला पाय लावला नाहीस. हे शेवटपर्यंत वाच. मग फाडायचं तर खुशाल फाड.

आईंच्या बाराव्याला तू सगळ्यांसमोर विचारलंस, वहिनी, आईचा धवला भरून घेतलास ना? मी म्हटलं, मशीनच खराब निघालं गं. तेव्हा तू म्हणालीस, तुला आमच्या धवल्याची पहिल्यापासून लाजच होती. नाही कसं म्हणू? मी लग्न होऊन आले तेव्हा वाटायचं, भटजी आहेत, बँजो आहे, मग आई मांडवात बसून एवढा वेळ काय गात बसतात! पण रंजू, मशीन खराब निघालं हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं मी गिळलं. ते आज सांगते.

आवाज भरायचं मशीन घ्यायचं तूच सुचवलं होतंस. आईंचा आवाज बसायला लागला होता. लग्नात धवले गाणारी धवलारीण म्हणून गावात त्या एकट्याच उरल्या होत्या, आणि सगळं त्यांच्या डोक्यात, कागदावर एक ओळ नाही. मोबाईलमध्ये नको, चांगल्या मशीनमध्ये भर, म्हणाली होतीस. मी परदेशातल्या एका दुकानाच्या साइटवरून मागवलं. फोटोत काय रुबाब होता त्याचा! दीड महिन्याने हातात आलं ते साबणाच्या वडीएवढं, हलवलं की आत खुळखुळ. लाल दिवा मस्त लागायचा, पण भरलेलं ऐकायला जावं तर नुसती खरखर, पत्र्यावर कोणी वाळू ओततंय तशी.

माझं डोकंच फिरलं. पैसे परत मागितले. चार मिनिटांत उत्तर, प्रिय ग्राहक, आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे. मला वाटलं, वा, काय माणसं आहेत! मग कळलं, तिकडे माणूस नव्हतंच. रोज एक नवीन अट. म्हणे, वस्तू स्वतःच्या खर्चाने आमच्या गोदामात पाठवा. सानपाड्याचा कुरियरवाला पत्ता बघून हसला, म्हणाला, काकी, एवढ्या पैशात असली दोन मशीन येतील. तुझा दादा म्हणाला, सोड ना, कशाला टेन्शन घेतेस. मी काय सोडतेय! शेवटी त्यांनी पुरावा मागितला. मशीनसमोर एक मिनिट बोला, त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, मग मशीनने काय भरलं ते ऐकवा.

मी मशीन स्टुलावर ठेवलं, आईंना समोर बसवलं आणि म्हटलं, वन टू थ्री म्हणा. आई म्हणाल्या, मी काय पोपट हाय? गान्यासाठी आनलंस ना, मंग गानंच म्हननार. बरं, म्हणा. तर विचारतात, नवरी कोन? नवरीच्या नावाशिवाय त्या धवला उचलायच्याच नाहीत, तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, कुणाचंही नाव घ्या हो आई, टेस्टच आहे. आणि मोबाईल धरून त्या लाल दिव्याकडे बघत बसले. मिनिट झालं तसा हात केला, बास. कसल्या थांबतात! डोळे मिटलेले. एकदा उचललेला धवला पुरा केल्याशिवाय खाली ठेवायचा नाही, हा त्यांचा नेम. मांडव असो की स्टूल. बावीस मिनिटं गं! माझा हात गळून गेला. कापायचं कसं ते मला येत नव्हतं, म्हणून त्याच व्हिडिओत शेवटी मशीनची खरखर ऐकवून तसाच्या तसा त्यांच्या साइटवर चढवला.

आणि पैसे आले! अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं मी, भाडेकरूंनासुद्धा. जग जिंकल्यासारखी फिरत होते. त्याच आठवड्यात मोबाईल भरला, जागा नाही म्हणायला लागला. हळदीकुंकवाचे फोटो काढायचे होते. सगळ्यात मोठं काय आहे बघितलं आणि तो व्हिडिओ उडवला. त्याचं काम झालं होतं ना! त्यानंतर सतराव्या दिवशी सकाळी आई चहाला उठल्याच नाहीत. उडवलेलं महिनाभरात परत आणता येतं, हे मला महिना उलटल्यावर कळलं. बाराव्याला मी तुला काय सांगणार होते, रंजू? मीच, या हाताने.

मग परत त्याच दुकानाच्या दारात गेले. त्यांचं एकच पालुपद, आपले पैसे परत केले आहेत, धन्यवाद. मी लिहिलं, पैसे घ्या परत, मला माझी तक्रार द्या. अकरा वेळा लिहिलं. बाराव्या वेळी माझं इंग्रजीच संपलं. मराठीत लिहिलं, आता तुला लिहितेय तसं. माझी सासू गेली, तिचा आवाज तुमच्याकडे राहिलाय.

गेल्या मंगळवारी दुपारी उत्तर आलं. या वेळी माणसाचं. ईनेस नावाची बाई आहे, तक्रारी बघते. तिने माझं मराठी भाषांतराच्या मशीनकडून वाचून घेतलं, मी तिचं. ती म्हणते, एका मिनिटाच्या वरचा व्हिडिओ न बघताच फेटाळायचा, असा त्यांचा नियम आहे. आणि सहा महिन्यांनी सगळं पुसून टाकायचं. पण तिने पहिलं मिनिट लावलं आणि तिला बंदच करता येईना. कानावरचं काढून तिने आवाज मोठा केला. बाजूच्या टेबलावरच्या उठून आल्या. बावीस मिनिटं त्या खोलीत कुणी दुसरी तक्रार उघडली नाही. मग तिने पैसे मंजूर केले आणि व्हिडिओ स्वतःजवळ ठेवून दिला. का ठेवला, ते तिलाही सांगता येत नाही. उत्तरासोबत तिने तो मला पाठवलाय.

रंजू, ते वाचलं आणि मी जिन्यातच बसले. तीस वर्षं ज्या गाण्याला मी कंटाळले, ते समुद्रापलीकडच्या बायांनी एक शब्द न कळता उभ्याने ऐकलं! केवढी बाई आपल्या घरात भाकऱ्या थापत होती, आणि मी समोर बसून दिवा बघत होते.

पत्राच्या शेवटी ईनेसने एक गोष्ट विचारलीय, आणि त्यासाठीच तुला हे सगळं लिहितेय. ती म्हणते, गाण्यात एक नाव सारखं सारखं येतं, आम्हाला वाटलं तुमच्या देवीचं असेल. नमिता कोण?

मी व्हिडिओ लावला आणि पहिल्यांदा नीट ऐकला. आपली नमूच गं! कुणाचंही नाव घ्या म्हटलं, तर आईंनी नातीचं घेतलं. तेव्हा तिचं कॉलेजसुद्धा संपलं नव्हतं. तेल, हळद, चुडा, पाठवणी, सगळं तिच्या नावाने. रंजूची लेक, रंजूची लेक, म्हणत तुझंही नाव येतं. नमूचं लग्न ठरल्याचं तुझ्या दादाला बाहेरून कळलं, आणि हेही कळलं की आईशिवाय दुसरीचा धवला नको म्हणून तू धवलाच ठेवला नाहीयेस. पाकिटात पेन ड्राइव्ह आहे. हळदीला लाव. मला यायचंय, खोटं कशाला बोलू. पण नाही बोलावलंस तरी लाव. आणि मध्येच कुणाला बंद करू देऊ नकोस, शेवटची खरखरसुद्धा वाजू दे. आईंनी नमूचं लग्न कधीच लावून ठेवलंय गं. तू फक्त मांडव घाल.

तुझीच,
सुचितावहिनी